अठराने गुणून

फोंडा,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नको, इकडे सगळे बरे आहोत. फोनवर तू चार मिनिटं बोलतोस, त्यातली दोन "आवाज येतोय का?" यात जातात, आणि मला काय सांगायचं होतं ते आठवेपर्यंत तू "आईकडे द्या" म्हणतोस. म्हणून लिहायला बसलो. घरात आपलं बोलणं कोंकणी-मराठी कसंही मिसळलेलं असलं तरी कागद समोर आला की माझा हात मराठीतच चालतो. अक्षर लागलं नाही तर फोटो काढून ताईला पाठव. तिला माझ्या खतावण्या वाचायची सवय आहे.

काल संध्याकाळी तुझा मित्र पार्सल देऊन गेला. तुळशीत ऊस उभा करून झाला होता, आवळ्या-चिंचेच्या फांद्या खोचल्या होत्या आणि भटजींचा पत्ता नव्हता; म्हणून सगळ्यांदेखतच उघडलं. मोज्यात मोजा, त्यात आणखी एक मोजा, आणि आत काच. तुझ्या आईने म्हापशाच्या बाजारातून हट्टाने घेऊन पाठवलेले लोकरीचे मोजे! "पायात घालायला दिले होते, हा काचेला घालतो," म्हणून ती एवढी हसली की डोळ्यांत पाणी आलं. हसणं थांबलं तरी पाणी थांबेना, तेव्हा मी तिला आत चहा टाकायला पाठवली.

गोळा मात्र सुंदर आहे रे. दिसायला मोसंब्याएवढा, पण हातात घेतल्यावर अर्ध्या किलोच्या वजनासारखा लागतो. आत बारीक फुलं, निळी, पांढरी, पोवळ्याच्या रंगाची, आणि प्रत्येक फुलाच्या पोटात एक चांदणी. रंगीत काचेच्या कांड्या एकत्र तापवून लांब ओढतात आणि मग त्यांच्या चकत्या कापतात, असं तू मुरानोहून सांगत होतास तेव्हा मी नुसता हो-हो करत होतो. काल तुझ्या आईने एका शब्दात उलगडलं. "म्हणजे अळूवडी." कुठेही कापा, आत तीच गुंडाळी. गोळ्याच्या एका कडेला मोहरीएवढा बुडबुडा अडकलेला आहे. 1291 साली आगीच्या भीतीने व्हेनिसवाल्यांनी काचेच्या भट्ट्या त्या बेटावर हलवल्या म्हणतोस, म्हणजे सातशे वर्षांचा सराव. तरी बुडबुडा राहतो. मला तोच जास्त आवडला.

आता एक ठरवून लिहितोय. शुगरबद्दल या पत्रात अवाक्षर काढायचं नाही. तू 36 वर्षांचा आहेस, तिकडे इंग्लंडात डॉक्टर आहेत, गोळी सुरू झाली आहे. झालं.

फक्त त्या रविवारी इकडे काय गोंधळ झाला ते तुला ठाऊक असावं. तू म्हणालास, "उपाशीपोटी आठ पॉइंट चार आली, फार नाही, काळजी करू नका," आणि फोन ठेवलास. तुझ्या आईने माझे आकडे आजवर दीडशे, एकशे ऐंशी असे ऐकलेले. आठ म्हटल्यावर तिला वाटलं, आठ शुगर घेऊन हा माणूस बोलतोय तरी कसा? देवाजवळ जाऊन बसली. मी चप्पल अडकवून औषधांच्या दुकानात गेलो. तिथला मुलगा तुझ्याहून लहान असेल. त्याने सांगितलं, तिकडचं माप वेगळं, आकड्याला 18 ने गुणायचं. कॅल्क्युलेटर पुढे केला, पण मला कशाला लागतोय? आठ अठरे एकशे चव्वेचाळीस, वर साताला थोडं जास्त. 151. आईला घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "मग बरंय की, तुमच्याएवढीच." बरं कसलं! 126 च्या वर गेली की झालीच म्हणतात.

असो. तुझा चहाचा फोटो बघितला. तीन मजली ताटली! खाली काकडीची सँडविचं, मधे ते जाडसर पावासारखे स्कोन, वर केक. आणि माणशी 25 पौंड. बाबू, एके काळी आपल्या चहाच्या दुकानाचं महिन्याचं दूध तेवढ्यात येत होतं. पण हे मी टोमणा म्हणून नाही लिहिलं. तू लिहिलेली ती डचेसची गोष्ट मी दोनदा वाचली. तिच्या घरचं रात्रीचं जेवण उशिरा, मधल्या वेळेत पोटात कावळे ओरडायचे, म्हणून 1840 च्या सुमारास त्या बेडफर्डच्या बाईने दुपारी चहा आणि पाव-लोणी मागवायला सुरुवात केली. आपल्या गिऱ्हाइकांना डचेसची गरज पडली नाही. जेवून, डुलकी काढून, चारला बाजाराची दारं उघडली की आधी आपल्याकडे. साडेतीनला दुसरं आधण ठेवायचो, तिसऱ्या उकळीला पहिलं गिऱ्हाईक दारात. भाजी-पाव, बन्स, मिरची. इंग्लंडात हाय टी म्हणजे मजुरांचं रात्रीचं जेवण, मांस-बटाट्यासकट, हे तुझ्याकडूनच कळलं. पणजीला हॉटेलवाले त्या नावाखाली तळहाताएवढा केक देऊन पैसे उकळतात.

आणि इंग्रजांना चहाची गोडी कोणी लावली? पोर्तुगालच्या राजकन्येने. 1662 साली लग्न होऊन गेली, आंदणात मुंबई दिली, आणि दरबारात चहाची चाल पाडली. म्हणजे तुझा तो थाटाचा चहा आमच्या जुन्या धन्यांकडूनच तिकडे गेलेला आहे. हे तिकडच्या वेटरला सांग एकदा.

स्कोनवर साय आधी की जाम आधी, यावरून डेव्हन आणि कॉर्नवॉलवाले भांडतात म्हणे. डेव्हनला साय आधी, कॉर्नवॉलला जाम. माझं म्हणणं, दोन्हींच्या खाली मैदा आहे आणि त्यात साखर आहे, वर पुन्हा जाम, आणि वरच्या मजल्यावर केक वेगळाच. तुझ्या बशीत एक अख्खा स्कोन दिसतोय आणि एक अर्धा. अर्धा खाल्लेला की अर्धाच घेतलेला?

बघ, पुन्हा तिथेच आलो. सोड. खाल्लास तर खा.

मोज्यांचं मात्र ऐक. काचेला जुने कपडे गुंडाळ, मोजे पायात घाल. तिकडे थंडीत पाय बधिर होतात, लागलं तरी समजत नाही. रात्री झोपताना बोटांमधे बघत जा. आजीच्या पायाचं तुला आठवत असेल. तू तेव्हा सातवीत होतास, पट्टी बदलताना तूच बॅटरी धरायचास. तिला खिळा लागलेला कळला नव्हता, चप्पल रक्ताने भरली तेव्हा शेजारणीने सांगितलं. याहून जास्त लिहीत नाही.

तू आणलेल्या सगळ्या काचेत मला सगळ्यात पटली ती इस्तंबूलची. ते चहाचे ग्लास, कंबर बारीक, वर उमललेले, कान नाही, वरच्या काठाला दोन बोटांत धरायचे. हे करणारा माणूस चहा समजणारा असला पाहिजे. खालच्या पोटात चहा गरम राहतो, वरचा तोंडाला सोसेल एवढा निवतो, आणि बिनदुधाचा रंग आरपार दिसतो. लपवायला जागाच नाही. आपल्या दुकानातले ग्लास आठव. बूड कसं जाड! तुला आता सांगायला हरकत नाही, मी मुद्दाम तसले निवडायचो. बूड जाड म्हणजे ग्लास भरलेला दिसतो आणि चहा कमी लागतो. पण त्याची शिक्षाही तिथेच मिळायची. जाड बूड पटकन तडकतं. आतली बाजू तापून फुगते आणि बाहेरची अजून थंड असते, म्हणून. नवा डझन आला की मी ग्लास मोठ्या टोपात थंड पाण्यात बुडवून मंद आचेवर उकळवायचो आणि त्याच पाण्यात रात्रभर निवू द्यायचो. पावसाळ्यात ओतण्याआधी ग्लासात चमचा ठेवायचो. तरी महिन्याला पाच-सहा जायचेच.

मुरानोलाही तेच, नाही का? गोळा तयार झाला की वेगळ्या भट्टीत ठेवून अगदी हळूहळू निववतात, घाई केली तर नंतर केव्हाही तडा जातो, असं तू म्हणालास. यावरून मला माणसाच्या तब्येतीविषयी तुला काहीतरी सांगायचं होतं, चांगलं जुळलंही होतं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, काचेला काच राहू द्या. म्हणून खोडलं.

आम्ही तिकडे आलो होतो तेव्हा तू स्टुअरब्रिजला नेलं होतंस. ती चिमुकली आगगाडी, मैलभराचाही प्रवास नाही, बसायच्या आत उतरायचं. मग तो विटांचा शंकू, 1790 च्या आसपासचा, शंभर फूट उंच. मला आधी वाटलं देऊळच आहे. आत शिरल्यावर कळलं की आपण धुराड्याच्या पोटात उभे आहोत. तो माणूस नळीच्या टोकाला काच घेऊन फुंकत होता आणि सारखा फिरवत होता, थांबला की काच लोंबायची. तू मला त्या भट्टीविषयी सांगत होतास आणि मी तुझ्याकडे बघत होतो. लहानपणी गणिताच्या पेपरातही तू एवढा लक्ष देऊन बोलला नाहीस. पूर्वी इंग्लंडात काचेवर वजनाने कर होता, 1745 चा कायदा, शंभर वर्षांनी उठला, म्हणून त्या काळात काच पातळ आणि हलकी करू लागले, हे तू सांगितलंस तेव्हा मी मोठ्याने हसलो. तुला वाटलं मला समजलं नाही. अरे, मला नाही तर कोणाला समजणार?

हे सगळं मी तेव्हाच तुझ्याजवळ बोलायला हवं होतं. त्याऐवजी गेल्या चवथीला, गणपतीवर फळा-फुलांची माटोळी बांधताना, सगळ्या काकांसमोर मी म्हणालो, "बाप्याने फुलदाण्या गोळा करत हिंडायचं, हे कसलं आयुष्य?" तू सुपारीचा घोस बांधत होतास. गाठ पूर्ण केलीस, खाली उतरलास आणि बाहेर गेलास. मला माटोळी दिसली की ती गाठ दिसते. चुकलो होतो. लिहून ठेवतोय, म्हणजे नंतर मी तसं म्हणालोच नव्हतो असं म्हणता येणार नाही.

आणि खरं तर मीच तुला काचेकडे नेलं. कवळ्याची माघातली जत्रा. तू पाच वर्षांचा. गर्दीत हात सुटला. तुझी आई रडत तळ्याकडे धावली, मी पालखीच्या मागे. शेवटी तू सापडलास सभामंडपात, खांबाजवळ फरशीवर चक्क उताणा झोपून वर बघत होतास. वर झुंबरं, हंड्या, लाल, हिरव्या. लोक तुला ओलांडून जात होते. मी थोबाडीत मारायला हात उचलला आणि तू म्हणालास, "बाबा, हलताना आवाज येतो." मीही वर बघितलं. इतकी वर्षं देवळात जातोय, लोलक एकमेकांवर वाजतात हे मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर भंगारवाल्याच्या टोपलीतून तू एक फुटका लोलक मिळवलास आणि दुकानात गल्ल्याजवळच्या उन्हात धरून बसायचास. भिंतीवर सात रंग पडायचे, गिऱ्हाइकं बघायची. तू गप्प बसावास म्हणून मी तुला बशीत चहा द्यायचो, त्यात पोदेराकडचं काकण, ते बांगडीसारखं कडक पावाचं, बुडवून, आणि वर साखरेची चिमूट. एक नाही, दोन. आईने नको म्हटलं तरी.

ती चिमूट मला हल्ली रात्री आठवते. डॉक्टर म्हणतात लहानपणी खाल्लेल्या साखरेने काही होत नाही, रक्ताचं असतं. म्हणजे तसंही माझंच. आईचा समज वेगळा आहे. तू बाजारात शोधलेली ती पिवळट हिरवी बशी, जी तुझ्या त्या बॅटरीच्या जांभळ्या उजेडात भुतासारखी चमकते, तिच्यात युरेनियम असतं असं तू सांगून बसलास. तेव्हापासून तिला वाटतं शुगर त्या बशीने आली. मी समजावलं, कपाटात ठेवलेल्या बशीने असं काही होत नसतं. पण ती ऐकत नाही. तू त्या बशीत खात नाहीस ना, एवढं लिही, म्हणजे ती झोपेल.

आता ज्यासाठी एवढी पानं खर्च केली ते. मला शुगर निघाली तेव्हा मी 44 वर्षांचा होतो. तुम्हा सगळ्यांना कळली 46 व्या वर्षी. दोन वर्षं तो कागद गल्ल्याच्या खणात, पाटाखाली होता. चहावाल्याला शुगर, लोक हसतील असं वाटलं. दिवसातून पन्नास वेळा चमच्याने चव घ्यायचो ती घेतच राहिलो. गोळी बाहेरच्या बाहेर आणून चोरून घ्यायचो. एका सकाळी गोळी घेतली आणि गर्दीमुळे खायचं राहिलं. अकराच्या सुमाराला हात थरथरायला लागले, घाम, समोरचा माणूस दुहेरी दिसायला लागला. हातातले दोन ग्लास खाली गेले. गिऱ्हाइकांना वाटलं मी पिऊन आलोय. आपला म्हातारा बाप्पा, जो टेबलं पुसायचा, त्याने काही न विचारता माझ्या तोंडात साखरेची मूठ कोंबली. त्याच्या भावाला असं व्हायचं. त्याला ठाऊक होतं म्हणून मी वाचलो. त्या दिवाळीला दुकान साफ करताना तुझ्या आईला कागद सापडला. ती चार दिवस बोलली नाही.

सगळ्याच गोळ्यांनी असं होत नाही, हे आता मला समजतं. तरी सांगतो. तू घाईघाईत का होईना, पहिल्याच आठवड्यात सांगितलंस. मला दोन वर्षं जमलं नाही ते. फोन ठेवल्यावर आईला घाबरलेली बघूनसुद्धा माझ्या मनात आधी तेच आलं होतं.

म्हणून एकच विचारतो. त्या फोटोत दोन कप आहेत. तुझ्या आईने बोटांनी मोठं करून बघितलं, मीही बघितलं. दुसऱ्या बशीत चमचा उजवीकडे आहे, तू डावखुरा. कोण ते विचारत नाही. जे कोणी असेल त्याला किंवा तिला तुझ्या शुगरचं ठाऊक आहे का? प्रवासात, बोटीवर, त्या काचेच्या दुकानात, हात थरथरला तर तोंडात साखर घालणारं कोणी बरोबर आहे का? असेल तर मी यापुढे स्कोन मोजणार नाही. आई विचारेल ती वेगळं विचारेल, तिला तू बघून घे.

तुझा मित्र गुरुवारी परत निघतोय. त्याच्याबरोबर एक डबा देतोय. काकणं आहेत, कडक, महिनाभर टिकतील. बिनसाखरेच्या चहात बुडवली तरी चांगली लागतात, मी रोज खातो. आणि दुकान मोबाइलवाल्याला दिलं तेव्हा माळ्यावर चढवलेल्या ग्लासांपैकी सात उरलेत, त्यातला एक. काठाला कपची नाही, मी उजेडात बघितलाय. तुझ्या कपाटात मुरानोशेजारी ठेवायचा की नाही तो तुझा प्रश्न. ठेवलास तर पुढच्या रांगेत नको ठेवू, लोक विचारतील हा कुठला. आतमधे कापूस भरलाय तो काढून टाक. आणि चहा ओतलास तर आधी चमचा घाल, तिकडे थंडी आहे.

तुझा,
बाबा

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी सकाळी उठून बोट टोचलं. 168. आईला अजून सांगितलेलं नाही, तिला आता सांगतो. तुझी दर सोमवारी कळवत जा. तिकडच्या मापात कळवलीस तरी चालेल, मी गुणून घेईन.